मुलांचा मूड आणि हातातला मोबाईल : १४४१६ पासून मूड डायरीपर्यंत काय कामाचं, काय नाही

'दिल नहीं लगता', 'घबराहट होती है', 'मूड ऑफ है सर'. उर्दू माध्यमाच्या शाळेतली मुले मनाची तक्रार बहुतेक या तीन-चार शब्दांतच सांगतात. काही जण तेवढेही सांगत नाहीत. डोकं दुखतंय, पोटात मुरडा येतोय म्हणून घरी जायची परवानगी मागतात, आणि दर आठवड्याला त्याच तासाला मागतात. शिक्षकाला हे दिसते, पण पुढे काय करायचे ते ठाऊक नसते. पालक म्हणतात, मोबाईल हातातून काढून घेतला की सगळं ठीक होईल. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. रात्री दोन वाजेपर्यंत रील पाहणाऱ्या मुलाची झोप मोबाईलच खातो हे कबूल, पण त्याच मोबाईलवरून आज फुकट, चोवीस तास आणि आपल्या भाषेत मदतही मिळते. ती कोणती, ती कशी चालते आणि कुठे थांबते, हे पालक आणि शिक्षकांना माहीत असावे म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

प्रश्न किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. आपल्याकडे बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघाले, आणि महानगरांत ते खेड्यांच्या जवळपास दुप्पट होते. (महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्या जिल्ह्याला लावू नये.) तरी साठ मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असणार, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्याच पाहणीत असेही दिसले की त्रास असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसतो. असला तरी त्याच्या पाटीखाली उभे राहायची हिंमत होत नाही, कारण मोहल्ल्यातला कोणी ना कोणी पाहतोच. फोनची मदत कामी येते ती या दोन अडचणींवर.

टेली मानस : १४४१६

एकच नंबर लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ या जागतिक मानसिक आरोग्य दिनी सेवा सुरू झाली. मुख्य केंद्र निमहान्समध्ये आहे. तांत्रिक बाजू बेंगळुरूच्या आयआयआयटीने उभी केली. सेवा २० भाषांत असून मराठी त्यात आहे. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. दोन्ही टोल फ्री. २०२५ च्या मध्यापर्यंत या सेवेने २० लाखांहून जास्त कॉल घेतले होते.

फोन लावल्यावर आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो. मग आपल्या राज्याच्या केंद्रातला प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. हा डॉक्टर नसतो, हे आधीच समजून घ्यावे. त्याचे काम ऐकणे, धीर देणे आणि त्रास किती खोल आहे याचा अंदाज घेणे. गरज वाटली तर तो मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो, नाहीतर जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा पत्ता देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेली मानसचे ॲपही आले.

आमच्या मुलांना भाषेची अडचण जरूर येते. घरी दखनी किंवा उर्दू, बाहेर मराठी, आणि मनातले बोलताना दोन्हींची खिचडी. अशा मुलाने हिंदी निवडली तरी काम भागते. समोरच्याला 'मायूसी' कळते, 'जी घबराता है' कळते. शुद्ध बोलायची परीक्षा तिथे नसते. हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते. शाळेने त्यांना इतक्या वेळा 'नीट बोल' म्हटलेले असते की फोनवरही ती वाक्य मनात तयार करत बसतात आणि शेवटी फोन ठेवून देतात.

पालकही या नंबरवर बोलू शकतात, शिक्षकही. 'माझा मुलगा दोन महिने खोलीतून बाहेर येत नाही, मी त्याच्याशी कसं बोलू?' एवढे विचारायलाही हा फोन आहे. निम्म्या घरांत तर पहिला फोन अम्मीने किंवा अब्बांनीच करावा, असे आम्हाला वाटते.

बाकीचे नंबर

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये 'मनोदर्पण' सुरू केले. त्याचा नंबर ८४४८४४०६३२. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक तिघांसाठी आहे, फक्त दिवसाच्या वेळेत चालतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून आहे. तिथे बोलणारे मानसशास्त्राचे शिकलेले समुपदेशक असतात. मारहाण, छळ, जबरदस्तीचे लग्न, घरातून निघून जाणे असा मामला असेल आणि मूल अठराच्या आत असेल, तर १०९८ ही चाइल्डलाइन. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आपले राज्य मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करते. ते वर्तमानपत्रात एकदा छापून येतात आणि त्यानंतर कोणाला आठवत नाहीत. कापून शाळेच्या फलकावर लावले तर उपयोग होतो.

मूड डायरी : मोबाईल नसला तरी चालते

आता ॲपकडे येऊ. मनाच्या बहुतेक ॲपमध्ये पहिली सोय मूड नोंदवायची असते. रोज एक चेहरा निवडा, हसरा, साधा किंवा रडका. सोबत झोप किती झाली, काय खाल्ले, कोणाला भेटलात ते टिपा. दोन-तीन आठवड्यांनी आलेख तयार होतो. यात जादू काही नाही. उदास माणसाला 'मी नेहमीच असा असतो' असे वाटते. तो आलेख दाखवतो की नेहमी नाही, रविवारी क्रिकेट खेळलास त्या दिवशी बरा होतास आणि गणिताच्या टेस्टच्या आदल्या रात्री झोपलाच नाहीस. हे डोळ्यांनी दिसले की पुढे काय बदलायचे ते ठरवता येते. मानसशास्त्रातली एक जुनी उपचारपद्धती याच धाग्यावर उभी आहे. आधी बरे वाटू दे, मग कामाला लागू, असे म्हणत बसायचे नाही. छोटे काम आधी करायचे, बरे वाटणे मागून येते.

आम्ही वर्गात हे कागदावर करून पाहिले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तीस चौकोन आणि रोज एक रंग. नाव लिहायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही. यातून एक गोष्ट लगेच लक्षात आली. ॲपमध्ये मूडची जी नावे असतात, ती बहुतेक इंग्रजीतून आलेली आणि गुळगुळीत. मुलांकडे स्वतःचे शब्द आहेत : उदासी, बेज़ारी, चिडचिड, घुटन, डर, शर्मिंदगी. 'सॅड' या एका चेहऱ्याखाली ही सगळी दाबली जातात. घुटन आणि उदासी एक नव्हे, त्यावरचा इलाजही एक नाही. तेव्हा ॲप वापरायचेच असेल तर स्वतःचे शब्द घालू देणारे निवडावे.

रमजानबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्या महिन्यात सहरी आणि तरावीहमुळे झोपेचे वेळापत्रकच बदलते. ॲपला ते कळत नाही, ते रोज लाल रंगात 'झोप कमी' असा इशारा देत राहते. घाबरायचे कारण नाही. दुपारची झोप वेगळी नोंदवावी, आणि तो महिना दुसऱ्या महिन्याशी जोखू नये.

स्वतःची तपासणी : नऊ प्रश्न

इंटरनेटवर 'तुम्हाला डिप्रेशन आहे का?' अशा चाचण्यांचा सुळसुळाट आहे. त्यातल्या बहुतेक टाइमपास आहेत. एक मात्र खरी आणि डॉक्टरही वापरतात अशी : पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर जाणकाराशी बोलावे, असा साधारण संकेत आहे. किशोरवयीन मुलांसाठी तिचे थोडे बदललेले रूपही मिळते.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ही चाचणी आजाराचे नाव ठरवत नाही, ती ताप मोजायच्या थर्मामीटरसारखी आहे. ताप आहे एवढे कळते, मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही. दुसरे, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर शून्याशिवाय दुसरे काही आले, तर एकूण बेरीज किती आहे ते पाहत बसू नये. त्याच दिवशी मुलाशी बोलावे आणि १४४१६ लावावा. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुतेक मुलांना हलके वाटते.

खेळ आणि गोव्याचा अनुभव

मुलांसाठी खास बनवलेले डिजिटल उपचार जगात काही ठिकाणी नीट तपासून पाहिले गेले आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाने 'स्पार्क्स' नावाचा कॉम्प्युटर गेम तयार केला. मूल एका काल्पनिक जगात जाते, तिथले उदास विचार किड्यांसारखे अंगावर येतात, त्यांना ओळखून परतवायचे असते. एकूण सात टप्पे. २०१२ मध्ये १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सौम्य ते मध्यम उदासीत हा खेळ नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी पडला नाही, असे त्यात दिसले.

आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने दिल्लीच्या सरकारी शाळांत चित्रकथांच्या पुस्तिका आणि साधे प्रशिक्षण दिलेले समुपदेशक वापरून २५० मुलांवर प्रयोग केला. तो २०२० मध्ये लॅन्सेटच्या बालआरोग्य पत्रिकेत छापून आला. पुढे त्याच कल्पनेचा मोबाईल गेम तयार केला : 'पॉड ॲडव्हेंचर्स'. आपली अडचण नेमकी कोणती, त्यावर मार्ग कोणकोणते, त्यातला एक निवड आणि कर, या तीन पायऱ्या. मूल आधी गोष्टीतल्या पात्राचा प्रश्न सोडवते, मग स्वतःचा. आम्हाला यात महत्त्वाचे वाटले ते हे की गेम मुलाच्या हातात देऊन संस्था मोकळी झाली नाही. शाळेतच एक समुपदेशक बाजूला असतो, अडले तर बोलतो. बी.एड.ला आम्हाला 'शैक्षणिक साधने' हा विषय होता. तिथे शिकवलेले इथेही लागू पडते, साधन शिक्षकाच्या जागी बसत नाही.

माणूस बाजूला नसेल तर काय होते, याचा हिशोबही उपलब्ध आहे. २०१९ मध्ये मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा वापर तपासला गेला. डाउनलोड केल्यावर पंधराव्या दिवशी ॲप उघडणारे लोक जेमतेम ३.९ टक्के उरले होते. तेव्हा 'चांगलं ॲप डाउनलोड करून दिलंय' म्हणजे मदत केली, असे समजू नये.

बोलणारे यंत्र

गेल्या दोन-तीन वर्षांत मुले थेट एआय चॅटबॉटशी मन मोकळे करू लागली आहेत. 'सर, वो जज नहीं करता', असे नववीतल्या मुलाने आम्हाला सांगितले. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ही ओढ जुनीही आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा साधा प्रोग्राम लिहिला. तो तुमचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. तरी लोक त्याच्यापाशी मनातले बोलू लागले, आणि ते पाहून वायझेनबॉम स्वतःच धास्तावले.

आता यात दोन प्रकार आहेत. 'वोबॉट' किंवा बेंगळुरूत तयार झालेला 'वायसा' हे मानसिक आरोग्यासाठीच बनवलेले बॉट. त्यांना ठरावीक व्यायाम, ठरावीक सीमा असतात. २०१७ मध्ये १८ ते २८ वयाच्या ७० तरुणांवर दोन आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात वोबॉट वापरणाऱ्यांची उदासी कमी झालेली दिसली. पण तो अभ्यास छोटा होता, आणि जून २०२५ च्या अखेरीस वोबॉटचे ॲप बंदही पडले. रोज रात्री ज्याच्याशी बोलायची सवय लागली, तो एके दिवशी 'सेवा बंद' म्हणतो, हा धोका माणसापेक्षा इथे मोठा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे अभ्यासाला, पत्र लिहायला वापरतात ते सर्वसाधारण चॅटबॉट. ते उपचारासाठी बनलेले नाहीत आणि बोलणाऱ्याच्या हो ला हो मिळवण्याकडे त्यांचा कल असतो. 'मी कोणालाच नको आहे' म्हणणाऱ्या मुलाला हो ला हो नको असते. चॅटजीपीटीच्या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच सांगितले की आठवडाभरातल्या वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या विचारांच्या स्पष्ट खुणा असतात. टक्का लहान वाटतो, पण वापरणारे कोट्यवधी आहेत. त्याआधी अमेरिकेत एका सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी कंपनीवर दावा लावला आणि त्यानंतर पालकांसाठी नियंत्रणाची सोय आली. पालकांनी ती चालू करावी. त्याहून आधी मुलाला विचारावे, 'त्याच्याशी काय बोलतोस?' रागावून नव्हे, सहज, चहा घेता घेता.

मनातले बोलणे कोणाच्या वहीत जाते?

मूड ॲपमध्ये मूल जे लिहिते, ते बँकेच्या पासवर्डपेक्षा नाजूक असते. २०२२ मध्ये मोझिला संस्थेने मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची मिळून ३२ ॲप तपासली. त्यातल्या २८ ॲपवर तिने खासगी माहितीबाबत सावधानतेचा शिक्का मारला. २०२३ मध्ये 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याबद्दल अमेरिकी सरकारी आयोगाने ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्या वाचकांना २०२० चे नमाजच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय ॲपचे प्रकरणही आठवत असेल. त्यातून लोकेशनची माहिती दलाल कंपनीपर्यंत गेल्याची बातमी आली आणि मग ॲपने ते संबंध तोडले.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, अशी तरतूद आहे. तोवर आपणच बघावे. डायरीच्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी कशाला हवी? मागत असेल तर देऊ नये. नाव टोपण ठेवावे. खाते पुसून टाकायची सोय आहे का, ते आधीच पाहावे.

मुलींचा फोन

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. अब्बांचा किंवा भाईचा असतो, तोही घरात सगळ्यांसमोर वापरायचा. टोल फ्री कॉलचे पैसे कापले जात नाहीत, पण कॉलच्या यादीत नंबर राहतो, आणि 'ये किसको लगाया?' हा प्रश्न येतो. म्हणून मुलींसाठी शाळेचा फोन सर्वांत सोपा. मधल्या सुट्टीत एक खोली, दार लोटलेले, बाहेर एखादी आपा किंवा मॅडम बसलेली. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मुख्याध्यापकांनी ठरवले तर याला एक रुपया लागत नाही.

घरचे म्हणतात नजर लागली, नमाज पढ, दिल को सुकून मिलेगा. सुकून मिळतोही, त्याला आमची ना नाही. पण इलाज करणे म्हणजे ईमान कमजोर, हे कुठून आले? अबू झैद अल-बल्खी या आलिमांनी हजारहून जास्त वर्षांपूर्वी शरीर आणि मन दोघांच्या तब्येतीवर एकाच ग्रंथात लिहिले. कारण असलेली उदासी वेगळी आणि कारण सापडत नाही ती वेगळी, असा फरकही त्यांनी केला होता.

शाळेने काय करायचे, आणि फोन पुरत नाही तेव्हा

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवा. टेली मानससह हेल्पलाइनचे नंबर ठळक जागी लावायचे. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे. समुपदेशकाच्या पगाराचे काय, हा अनुदानित शाळांचा प्रश्न आहे आणि तो सुटायला वेळ लागेल. नंबर लावायला मात्र पगार लागत नाही. मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कोणी पाहत नसते, नंबर निवांत पाठ करता येतो.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, निरोपासारखे बोलत असेल किंवा लाडक्या वस्तू वाटून टाकत असेल, तर ॲप बाजूला ठेवा. त्याला एकटे सोडू नका. तातडीची वेळ असेल तर ११२ किंवा १०८. पोलिसांच्या भीतीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असेच मानले जाते, शिक्षा होत नाही. मुलाला सांभाळणे ही सरकारची जबाबदारी आहे.

तातडीची वेळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असते. पाटीवर 'मानसिक' हा शब्द नसल्याने पालक तिथे कमी संकोचाने जातात. आपल्या भागातले क्लिनिक कोणत्या वारी आणि किती वाजता उघडे असते, हे आशाताईंना विचारले तर कळते. गोव्यापासून न्यूझीलंडपर्यंतच्या ॲपची यादी पाठ करण्याआधी ते वार आणि ती वेळ वहीत लिहून ठेवा.